टॅब पाठ आहे पण गाणं वाजत नाही? रॉक अँड रोल गिटार फीलने शिकायची पद्धत, क्रमाने

१९५० च्या दशकातल्या रॉक अँड रोलची गिटार शिकायला बसलेल्या बहुतेकांचं एकाच जागी अडतं. टॅब (कुठली तार कुठल्या फ्रेटवर दाबायची ते आकड्यांत लिहिलेला कागद) डाउनलोड करतात, चक बेरीच्या जॉनी बी. गुडचा इंट्रो सूर न् सूर बसवतात, घरी एकट्याने वाजवला की झकास वाटतो, आणि मग कुणी शेजारी बसून नुसता टाळीचा ठेका धरला तरी चार बारमध्ये (एक बार म्हणजे चार मात्रांचं एक आवर्तन) सगळं विस्कटतं. बोटांचा दोष नसतो हो यात. शिकायचा क्रमच उलटा झालेला असतो. आधी लय, मग उजवा हात, मग बारा बारचा आराखडा आणि सगळ्यात शेवटी लिक्स, म्हणजे सुरांचे छोटे तयार तुकडे, असा हा क्रम आहे आणि आपण सुरुवातच शेवटापासून करतो.

एक गैरसमज आधीच काढून टाकू. फीलने वाजवणं म्हणजे मनाला येईल ते वाजवणं नाही. १९८६ साली चक बेरीच्या साठाव्या वाढदिवसाच्या कॉन्सर्टची तालीम चालू असताना बेरीने रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सला आपल्या 'कॅरल' या गाण्याच्या सुरुवातीला पुन्हा पुन्हा थांबवलं होतं, तो सूर कसा ओढायचा एवढ्यावरून. रिचर्ड्स तेव्हा ते गाणं वीसेक वर्षं वाजवत होता. म्हणजे बघा, सुरांची यादी बरोबर असून भागत नाही, सूर कधी सुरू होतो, किती ओढला जातो आणि कधी सुटतो हे बरोबर लागतं, आणि नेमकं तेच टॅबमध्ये धड लिहिता येत नाही.

० : तयारी

गिटार कुठलीही चालेल, पण तारांकडे लक्ष द्या. आपल्याकडे पहिली गिटार बहुधा अकूस्टिक असते आणि तिच्यावर जाड तारांचा सेट असतो, शिवाय तिसरी तार गुंडाळीची (वरून बारीक तार गुंडाळलेली) असते. ती तार अख्खा सूर वर ओढायची म्हणजे बोटाचा जीव जातो. इलेक्ट्रिक असेल तर ०.००९ किंवा ०.०१० चा सेट लावा (आकडा म्हणजे सगळ्यात बारीक तारेची जाडी, इंचांत). अकूस्टिकवर ०.०१० चा हलका सेट लावा, आणि तरीही तार ओढता येत नसेल तर पुढे मी स्लाइडचा पर्याय दिलाय तो घ्या. त्याच काळातला रॉक अँड रोलवाला एडी कॉक्रन, त्यानेसुद्धा गुंडाळीची तिसरी तार काढून तिथे साधी तार लावली होती, ओढायला सोपी जावी म्हणून, तेव्हा हे काही फसवणुकीत मोडत नाही. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात तारा फार लवकर गंजतात आणि गंजलेल्या तारेवर बोट सरकत नाही, म्हणून वाजवून झालं की सुक्या फडक्याने पुसून ठेवायची सवय लावा.

पिक मध्यम किंवा जाड घ्या, पातळ पिक मारताना वाकतं आणि आवाज एक क्षण उशिरा येतो. ट्यूनर, मेट्रोनोम आणि रेकॉर्डिंगसाठी फोन, बास. डिस्टॉर्शन पेडल असेल तर ते सध्या कपाटातच राहू दे.

लेखात मी पहिली तार म्हणजे सगळ्यात बारीक तार धरलीये, आणि सगळं ए स्केलमध्ये दिलंय. (जॉनी बी. गुडचं मूळ रेकॉर्डिंग बी फ्लॅटमध्ये आहे. त्याच्याबरोबर वाजवून बघाल तर तुमची गिटार अर्धा सूर खाली ऐकू येईल, घाबरून पुन्हा ट्यून करत बसू नका.)

१ : गिटार खाली ठेवा आणि ऐका

हा टप्पा सगळे गाळतात. एक आठवडा तरी द्या याला.

तीन गाणी घ्या: चक बेरीचं जॉनी बी. गुड (१९५८), बडी हॉलीचं पेगी स्यू (१९५७) आणि बो डिडलीचं त्याच्याच नावाचं गाणं (१९५५). प्रत्येक गाणं तीनदा ऐका, पण दर वेळी कान वेगळ्या ठिकाणी ठेवायचा. पहिल्यांदा फक्त ड्रम. चार मात्रांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअरचा फटका येतोय का ते बघा आणि तिथेच टाळी द्या (हे बेरीच्या गाण्यात सोपं आहे, बाकी दोघांत ड्रम वेगळंच काहीतरी करतायत, ते काय हे शोधायचं). आपल्याला समेवर जोर द्यायची सवय असते त्यामुळे हात आपोआप पहिल्या मात्रेवर पडतो, सुरुवातीला विचित्र वाटेल. दुसऱ्यांदा बेस आणि पियानो. तिसऱ्यांदा गिटार, पण सोलो सोडून, गायक गात असताना मागे गिटार काय करतेय ते.

आता मुख्य गोष्ट. जॉनी बी. गुडमध्ये ड्रम किंचित झुलतायत आणि बेरीची गिटार मात्र जवळजवळ सरळ चाललीये. झुलतं म्हणजे तिस्र जातीसारखं: एका मात्रेचे तीन भाग, "तकिट", आणि त्यातला मधला "कि" गिळायचा, "त ऽ ट, त ऽ ट". सरळ म्हणजे मात्रेचे दोन सारखे भाग, "तक तक तक तक". या दोन्हींची घासाघीस एकाच वेळी चालू असते म्हणून ते गाणं एका जागी उभं राहू देत नाही. हा फरक कानाला कळल्याशिवाय पुढे जाण्यात काही अर्थ नाही, कारण नंतर तुम्ही सूर बरोबर वाजवाल आणि तरी काहीतरी चुकतंय असं वाटत राहील, काय ते मात्र सापडणार नाही.

तपासा: गाणं चालू असताना तोंडाने आधी "तक तक" आणि मग "त ऽ ट" म्हणून बघा. दोन्ही न अडखळता म्हणता आलं आणि आत्ता आपण काय म्हणतोय हे कळत असलं, की पुढे चला.

२ : उजवा हात, सूर एकही नाही

डाव्या हाताची बोटं तारांवर नुसती टेकवा, दाबू नका, म्हणजे फक्त "चक चक" आवाज येईल. मेट्रोनोम ८० वर, म्हणजे मिनिटाला ८० मात्रा (८० बीपीएम). प्रत्येक मात्रेला दोन फटके, सगळे खाली जाणारे. वर-खाली नाही, फक्त खाली. पेगी स्यूमध्ये बडी हॉली हेच करतोय आणि केवढ्या वेगात करतोय ते ऐकलंतच तुम्ही. सगळे फटके खाली मारले की प्रत्येक सुराला सारखं वजन मिळतं आणि या संगीताची ढकलत नेणारी जी चाल आहे ती तिथून येते.

हे जमलं की दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर थोडा जास्त जोर द्या. मग सरळ चालीवरून झुलत्या चालीवर जा, चार बार हे, चार बार ते, मेट्रोनोम न थांबवता.

मग बो डिडलीचा ठेका. सोळा घरं मोजा आणि "त" आला तिथे फटका मारा:

त ऽ ऽ त ऽ ऽ त ऽ
ऽ ऽ त ऽ त ऽ ऽ ऽ

सुरुवातीला तोंडाने म्हणा, मग मांडीवर, मग गिटारवर. हा ठेका जमला की एकाच कॉर्डवर अख्खं गाणं उभं राहतं, आणि फील हा सुरांवर अवलंबून नसतो हे कुणी सांगायची गरज उरत नाही.

सावध: वेग वाढवायची घाई केलीत तर मनगट आखडतं आणि कोपरापासून हात हलायला लागतो. हात दुखला की थांबा आणि १० बीपीएम खाली या. जॉनी बी. गुड १६० च्या वर आहे, तिथे पोचायला काही महिने लागले तर लागू देत.

पाय हलला पाहिजे. उभं राहून वाजवा, गिटारचा पट्टा लावून. खुर्चीत बसून पाय न हलवता जो शिकतो त्याचा ठेका डोक्यात राहतो, अंगात उतरत नाही.

३ : बूगी आणि बारा बार

बूगी म्हणजे गाण्याखाली सतत चालणारी खालच्या तारांची साथ. ए कॉर्डचा बूगी: पाचवी तार मोकळी, तिच्यासोबत चौथ्या तारेवर दुसरा फ्रेट पहिल्या बोटाने. दोन फटके. मग चौथ्या तारेवरच चौथा फ्रेट अनामिकेने, दोन फटके. पुन्हा दुसरा, पुन्हा चौथा, झाला एक बार. हार्मोनियम शिकलेल्यांसाठी सांगायचं तर खाली सा धरून वर प-प-ध-ध चाललंय, आणि करंगळीने पाचवा फ्रेट घेतलात तर कोमल नी. डीसाठी हेच सगळं एक तार खाली सरकवा: चौथी मोकळी, बोटं तिसऱ्या तारेवर. ईसाठी उलट दिशेला: सहावी मोकळी, बोटं पाचवीवर.

उजव्या तळहाताची करंगळीकडची कडा ब्रिजवर अलगद टेकवा, आवाज जाड आणि आटोपशीर व्हायला हवा. फार पुढे टेकवली तर तार पूर्ण मरते, फार मागे ठेवली तर सगळं घुमतं. अर्धा सेंटीमीटर इकडेतिकडे करून आपली जागा शोधा.

आराखडा असा: चार बार ए, दोन बार डी, दोन बार ए, एक बार ई, एक बार डी, दोन बार ए. शेवटच्या बारमध्ये ई घेतला की पुन्हा सुरुवातीला जायची ओढ लागते. काही गाण्यांत दहाव्या बारला डी येतच नाही, ई तसाच पुढे चालू राहतो, ते कानाने ओळखायचं.

इथे बहुतेक जण बार मोजत बसतात. सुरुवातीला मोजा, हरकत नाही, पण लवकरच मोजणं सोडून गुणगुणायला लागा. बूगी वाजवताना वर कुठलीही ओळ गा, मराठी शब्द घाला, काहीही. पहिली ओळ ए वर, तीच ओळ पुन्हा डी पासून, आणि उत्तराची ओळ ई पासून. गाणं तोंडात असलं की पाचव्या बारला हात आपोआप डी कडे जातो.

तपासा: बूगी चालू ठेवून घरातल्या कुणाशीतरी बोला. "चहा ठेवलाय का" एवढं विचारून उत्तर ऐकेपर्यंत कॉर्ड योग्य जागी बदलली तर हा टप्पा पार. नाही बदलली तर अजून थोडे दिवस इथेच.

४ : चार लिक्स, फक्त चार

आता डाव्या हाताची पाळी. मोह होईल वीस लिक्स शिकायचा. करू नका. चार घ्या आणि ते झोपेतसुद्धा वाजले पाहिजेत.

पहिला. पहिल्या बोटाने पहिली आणि दुसरी तार पाचव्या फ्रेटवर एकत्र दाबा, दोन्ही तारा एकदम, खाली-खाली-खाली. एवढंच. दोन तारा एकत्र वाजल्या की गिटारला जो भरीव, थोडा कर्कश आवाज येतो तो बेरीच्या वाजवण्याचा कणा आहे. तीनही कॉर्ड्सवर हा चालतो त्यामुळे कुठे आहोत ते विसरलात तरी इथे परत या.

दुसरा. तिसऱ्या तारेवर सातवा फ्रेट अनामिकेने दाबून वर ओढा, अख्खा एक सूर, म्हणजे दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटशी जुळेपर्यंत. मग लगेच दुसरी तार पाचवा फ्रेट, पहिली तार पाचवा फ्रेट. ओढताना मधलं बोट मागे आधाराला ठेवा, एकट्या अनामिकेने ओढलं तर सूर कमी पडतो आणि बेसूर वाजतं. तार ओढली जात नसेल तर सातव्यावरून नवव्यावर सरकवा, सूर तोच मिळतो.

तिसरा. तिसऱ्या तारेवर पाचवा फ्रेट दाबा आणि मधल्या बोटाने सहाव्यावर ठोका, मग दुसऱ्या आणि पहिल्या तारेचे पाचवे फ्रेट. पाचवा फ्रेट म्हणजे कोमल गंधार, सहावा म्हणजे शुद्ध. कोमलवर जेमतेम टेकायचं आणि शुद्धवर जायचं, कधी पाचव्यालाच किंचित ओढून दोन्हींच्या मध्ये कुठेतरी ठेवायचं. किती वेळ टेकायचं हे कुठल्याच टॅबमध्ये लिहिता येत नाही, आणि अख्ख्या लिकची चव त्यावरच आहे. ५० वेळा वाजवा, पण प्रत्येक वेळी टेकण्याचा वेळ बदलून, आणि कुठला कानाला बरा वाटतो ते बघा.

सावध: हा तिसरा लिक डी कॉर्डवर तसाच वाजवलात तर सहाव्या फ्रेटवरचा शुद्ध गंधार डी शी भांडतो. डीच्या बारमध्ये पाचव्यावरच थांबा. सगळीकडे एकच लिक चिकटवणाऱ्यांची चूक बहुतेक वेळा इथेच ऐकू येते.

चौथा माझा सगळ्यात आवडता, कारण तो कॉर्डबरोबर चालतो. ए वर असताना तिसऱ्या तारेचा सहावा आणि दुसऱ्या तारेचा आठवा फ्रेट एकत्र. डी आला की दोन्ही बोटं एक फ्रेट मागे, पाचवा आणि सातवा. ई आला की ए च्या जागेपासून एक फ्रेट पुढे, सातवा आणि नववा. आकार तोच, एक मागे, एक पुढे, आणि तिन्ही सेव्हन्थ (कोमल नी घातलेल्या) कॉर्ड्सचे सगळ्यात खुणेचे दोन सूर तुमच्या बोटाखाली. बारा बार नुसते या दोन बोटांनी वाजवा, फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर तोडून, आणि बघा कसं गाणं ऐकू येतं. ऐकणाऱ्याला बेसची गरजच वाटत नाही.

५ : सवाल-जवाब

लिक्स येतात पण सोलो होत नाही, अशी तक्रार सगळ्यांची असते. कारण श्वास न घेता वाजवलं जातं. गायकाला श्वास घ्यावा लागतो म्हणून त्याच्या ओळी सुटसुटीत होतात, गिटारवाल्याला थांबायचं काही कारणच नसतं.

मग कारण तयार करा. बारा बारचे तीन भाग आहेत, प्रत्येक चार बारचा. त्यातले पहिले दोन बार तुम्ही गा, पुढचे दोन बार गिटारने उत्तर द्या. गाताना गिटार बूगीवर, उत्तर देताना चारपैकी एक लिक, एकच. बेरी स्वतः गात होता आणि वाजवतही होता, त्यामुळे त्याची गिटार त्याच्या ओळींच्या मधल्या जागांमध्ये बोलते, हे आता पुन्हा ऐकलंत तर स्पष्ट दिसेल.

हे जमलं की गाणं मनातल्या मनात म्हणा आणि उत्तर तेवढं गिटारवर. तोंड बंद, पण जागा रिकामी ठेवायची. त्यानंतर सवालही गिटारवर.

तपासा: फोनवर रेकॉर्ड करा पण लगेच ऐकू नका, दुसऱ्या दिवशी ऐका. लगेच ऐकलं की आपल्याला काय वाजवायचं होतं तेच ऐकू येतं. ऐकताना सुरांच्या चुकांकडे दुर्लक्ष करा, फक्त दोन प्रश्न: टाळी धरता येतेय का, आणि मध्ये शांतता आहे का.

६ : आता गाणं घ्या

आत्ता, आधी नाही. गाणं बसवताना त्याचे दोन भाग पाडा.

जे जसंच्या तसं हवं ते: इंट्रोचे पहिले दोन बार, ज्यावरून लोक गाणं ओळखतात, आणि बँड अचानक थांबतो त्या जागा. थांबण्याच्या जागांवर गायक एकटा गातो आणि तुम्हाला पुन्हा एकत्र आत यायचं असतं, तेव्हा हात थांबला तरी पाय थांबू देऊ नका.

जे मोकळं ठेवायचं ते: सोलो आणि ओळींमधली उत्तरं. इथे मूळ रेकॉर्डिंगमधून फक्त दोन गोष्टी उचला, सोलो कुठल्या उंचीवर सुरू होतो आणि सगळ्यात जोराची जागा कुठे आहे. मधलं तुमच्या चार लिक्सनी भरा. जॉनी बी. गुडचा इंट्रोसुद्धा बेरीने हवेतून आणलेला नाही, लुई जॉर्डनच्या १९४६ च्या एका रेकॉर्डच्या सुरुवातीला कार्ल होगन जवळजवळ तेच वाजवतो. दोन्ही लागोपाठ ऐका. सूर बरेचसे तेच आणि गाणी मात्र दोन वेगळ्या जगातली.

मूळ सोलो नोटनुनोट शिकूच नये असं मी म्हणत नाही. शिका की, कानाने, एकेक ओळ आधी गुणगुणून आणि मग शोधून. फक्त पहिल्या दिवशी नको आणि टॅबवरून नको.

७ : आवाज आणि दुसऱ्यांबरोबर वाजवणं

आवाज अगदी थोडा फुटलेला हवा: हळू वाजवलं की स्वच्छ, जोरात मारलं की किरकिरा. गेन (आवाज फोडणारं बटण) जास्त झाला की दोन तारांचा आवाज चिखल होतो आणि हळू-जोरात हा फरकच मरतो, मग उजव्या हातावर घेतलेली सगळी मेहनत वाया. मेम्फिसच्या सन स्टुडिओत सॅम फिलिप्स टेप मशीन वापरून जो आवाजाचा लगेच परत येणारा एकच प्रतिध्वनी काढायचा तो हवा असेल तर डिले १०० ते १३० मिलिसेकंदांवर ठेवा, रिपीट एकच. पण त्याची सवय लागायच्या आधी कोरड्या आवाजात वाजवायला शिका, डिले ढिली लय झाकून टाकतो.

दुसरा गिटारवाला असेल तर दोघांनी एकाच जागी बूगी वाजवू नका. एकाने खालच्या तारांवर बूगी, दुसऱ्याने चौथ्या लिकमधली दोन बोटं वरच्या तारांवर. कीबोर्डवाला असेल तर आणखी कमी वाजवा. बेरीबरोबर वर्षानुवर्षं जॉनी जॉन्सनचा पियानो असायचा आणि त्या पियानोला जागा मिळते म्हणून ती गाणी अशी हलतात.

शेवट ठरवून ठेवा. गाणी सुरू सगळ्यांना करता येतात, संपवताना एक जण थांबतो, दुसरा आणखी एक फेरी धरतो आणि तिसरा गोंधळून बघत राहतो. सोपा शेवट असा: अकराव्या बारच्या पहिल्या मात्रेवर सगळे थांबतात, गिटार एकटी एक छोटा लिक घेते, आणि बाराव्या बारमध्ये सगळे मिळून बी फ्लॅट नाइनवरून अर्धा सूर खाली ए नाइनवर. ए नाइनचा आकार पाचव्या तारेपासून पहिलीपर्यंत १२, ११, १२, १२, १२, आणि बी फ्लॅटसाठी तोच एक फ्रेट वर. ही फेरी शेवटची आहे हे कोण सांगणार ते आधी ठरवा, आणि त्याने खूण नवव्या बारलाच करायची, अकराव्याला केली तर ड्रमरला उशीर झालेला असतो.